मोह गळून गेल्यावर

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-मोलगीकडच्या डोंगरात घराभोवतीची बाग म्हणजे मोह आणि गावठी आंबा. चैत्रात पहाटे मोह गळतो. उजाडायच्या आत टोपल्या भरायच्या. वैशाखात वावधान सुटलं की कैऱ्यांचा सडा पडतो. साल काढायची, फोडी करायच्या, खडकावर वाळत घालायच्या. कडक ऊन मिळालं तर आमचूर पांढरं राहतं. आभाळ आलं की काळं पडतं, आणि व्यापारी भाव पाडून मागतो.

पावसाळ्याच्या चार महिन्यांची मीठमिरची यातूनच निघायची.

२५ मार्च २०२० ला करोनाची टाळेबंदी लागली तेव्हा मोहाचा हंगाम होता. आठवडे बाजार बंद, व्यापारी नाही. केंद्राने ४९ वनोपजांचे हमीभाव वाढवले. मोहफूल किलोला १७ रुपयांवरून ३० वर गेलं. निर्णय चांगलाच होता, फक्त तारीख १ मे होती. तोवर मोह गळून झाडांना तांबूस पालवी फुटली होती!

राज्याची तऱ्हा वेगळी नव्हती. पावसाळ्यात हाताला काम नसतं, म्हणून आदिवासी कुटुंबांसाठी १९७८ पासून खावटी कर्ज मिळत असे. २०१३-१४ पासून ते बंद पडलं. साथ आल्यावर, ऑगस्ट २०२० मध्ये, मंत्रिमंडळाने खावटी अनुदान म्हणून मंजूर केली: कुटुंबाला ४,००० रुपये, निम्मे खात्यात, निम्म्याचं धान्य-किराणा. लाभार्थी ठरले ११ लाख ५५ हजार कुटुंबं. मग याद्या, निविदा, वाद. किराणा हातात पडेपर्यंत २०२१ चा पावसाळा उजाडला. तेव्हाचे आदिवासी विकासमंत्री के. सी. पाडवी याच डोंगरातले, त्या वेळी अक्कलकुव्याचे आमदार. त्यामुळे इथला हंगाम मुंबईला ठाऊक नव्हता, ही सबबही उरत नाही.

वेळेवर काही झालंच नाही असं मात्र नाही. एप्रिल २०२१ मध्ये मुंबई आणि दिल्लीचे नेते ऑक्सिजनवरून एकमेकांची उणीदुणी काढत होते, तेव्हा नंदुरबारला हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे प्रकल्प चालू होते. पहिला सप्टेंबर २०२० मध्येच बसला होता, पहिली लाट ओसरण्याची वाट न पाहता. तो बसवून घेणारे तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड साक्री तालुक्यातल्या सामोड्याच्या भिल्ल कुटुंबातले. त्यांना आईने वाढवलं ते मोहाची दारू विकून.