अँटीव्हायरस कोणता भारी? आणि कशावरून?

वर्ध्यात मोबाईलच्या कुठल्याही दुकानात विचारा, 'अँटीव्हायरस कोणता चांगला?' उत्तर लगेच मिळतं. पण 'कशावरून, भाऊ?' म्हटलं की 'मी स्वतः वापरतो ना, काहीच प्रॉब्लेम नाही' इथंच गाडी थांबते. आता प्रॉब्लेम आला नाही म्हणजे ॲपनं वाचवलं, की व्हायरस आलाच नव्हता? आजचा इतिहास याच प्रश्नाचा.

आपल्याकडची गोष्ट पुण्यातली. कैलास काटकर यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. तिथं येणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडायचे, म्हणून नव्वदच्या दशकात धाकटे भाऊ संजय यांनी ते काढणारा प्रोग्राम लिहिला. तोच पुढे क्विक हील झाला. गिऱ्हाईकाला पुरावा डोळ्यांसमोर मिळायचा: मशीन सुरू झालं की नाही. पण एका मशीनवरून दहा कंपन्यांची तुलना कशी करणार?

आणि नुसत्या आकड्यांवर विसंबलं तर काय होतं, ते १९९२ मध्ये दिसलं. ६ मार्चला 'मायकेलँजेलो' व्हायरस पन्नास लाखांपर्यंत कॉम्प्युटरचा डेटा उडवेल, असे अंदाज अमेरिकेत छापून आले. प्रत्यक्षात नुकसान काही हजारांच्या घरात राहिलं. अँटीव्हायरसचा खप मात्र वाढला.

म्हणून तटस्थ चाचण्या आल्या. 'व्हायरस बुलेटिन' या ब्रिटिश मासिकानं १९९८ मध्ये 'व्हीबी१००' सुरू केलं. तेव्हा त्याची अट दुहेरी होती: लोकांच्या मशीनवर खरोखर फिरणाऱ्या व्हायरसच्या यादीतला एकही सुटता कामा नये, आणि एकाही साध्या फाईलला व्हायरस म्हणायचं नाही. ही दुसरी अट नसती, तर दिसेल त्या फाईलला चोर म्हणणारा प्रोग्रामसुद्धा शंभर टक्के पकडले म्हणून मिरवला असता.

तरी पळवाटा निघतातच. २०१५ मध्ये तीन मोठ्या चाचणी संस्थांनी चीनच्या चीहू ३६० कंपनीची त्या वर्षीची प्रमाणपत्रं रद्द केली. चाचणीला पाठवलेल्या प्रोग्राममध्ये बिटडिफेंडरचं इंजिन चालू होतं, ग्राहकाला मिळणाऱ्यात ते बंद. म्हणजे हिंगणघाटच्या बाजारात नमुना एका कापसाचा दाखवायचा आणि गाडीत भलताच भरायचा!

आता तुमच्या फोनकडे या. २०१९ मध्ये ऑस्ट्रियाच्या 'एव्ही-कंपॅरेटिव्हज'नं २५० अँड्रॉइड अँटीव्हायरस ॲप्स तपासली. सगळ्यांना तीच २,००० घातक ॲप्स दिली. दोन तृतीयांशांहून जास्त ॲप्सना त्यातली ३० टक्केही पकडता आली नाहीत. काही तर ॲपच्या आत बघतच नव्हती, फक्त नाव यादीत आहे का ते बघत होती. त्यातल्या काहींनी स्वतःलाच धोकादायक ठरवलं, कारण स्वतःचं नाव यादीत टाकायचं राहिलं होतं!

त्याच फोनमध्ये तुमचं यूपीआय आहे, घरच्यांच्या बँकेचे ओटीपी येतात. म्हणून कुणी 'हाच भारी' म्हटलं की चार गोष्टी विचारा. चाचणी कुणी केली, पैसे कुणी दिले? कधी, कोणत्या आवृत्तीवर? सगळ्यांना तेच नमुने होते का? खोट्या धोक्याच्या सूचना किती आल्या?

या संस्थांचे अहवाल नेटवर फुकट वाचता येतात. तुमच्या ॲपचं नाव त्यात शोधा, आणि सापडलं की नाही ते आम्हाला नक्की कळवा.