चार वर्षांच्या मुलाची सोडत : बोस्टनच्या शाळाप्रवेशाचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास

#थ्रेड

१/
अमेरिकेतील बोस्टन शहरात दर हिवाळ्यात चार वर्षांच्या मुलांचे आईवडील एक यादी भरतात. शहराच्या सार्वजनिक शाळांत या वयासाठी जो शिशुवर्ग असतो त्याला तेथे 'के-वन' म्हणतात. पसंतीच्या शाळा क्रमाने लिहायच्या आणि संगणकीय सोडतीच्या निकालाची वाट पाहायची, अशी ही रीत. उत्कंठा म्हाडाच्या सोडतीइतकीच. मात्र येथे पणाला घर नसते, मुलाच्या शिक्षणाचा आरंभ असतो. या सोडतीत नशिबाचा वाटा किती आणि माणसांनी केलेल्या नियमांचा किती, याचे उत्तर शहराच्या इतिहासात सापडते.

२/
आरंभ १८४७ साली होतो. त्या काळी बोस्टनमध्ये चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी सार्वजनिक प्राथमिक शाळा होत्या. बेंजामिन रॉबर्ट्स या कृष्णवर्णीय मुद्रकाने आपली मुलगी सारा हिच्यासाठी घराजवळच्या शाळेत प्रवेश मागितला. ती शाळा घरापासून सुमारे ९०० फुटांवर होती. कृष्णवर्णीय मुलांसाठी नेमलेली शाळा होती सुमारे २१०० फुटांवर. अर्ज पुनःपुन्हा नाकारले गेले. १८४८च्या फेब्रुवारीत सारा प्रवेशपत्राशिवायच जवळच्या शाळेत जाऊन बसली, तेव्हा तिला बाहेर काढण्यात आले.

३/
रॉबर्ट्स न्यायालयात गेले. त्यांची बाजू चार्ल्स सम्नर आणि कृष्णवर्णीय वकील रॉबर्ट मॉरिस यांनी मांडली. १८५० साली प्रसिद्ध झालेल्या निकालात न्यायमूर्ती लेम्युएल शॉ यांनी शाळा समितीच्या बाजूने कौल दिला. पुढे १८९६मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' हे तत्त्व उचलून धरताना याच निकालाचा आधार घेतला. मॅसॅच्युसेट्स राज्याने मात्र १८५५ सालीच कायदा करून शाळांतील वर्णभेदास बंदी घातली. घरापासून शाळेचे अंतर कोणासाठी मोजायचे आणि कोणासाठी नाही, हा प्रश्न तेव्हापासून या शहराची पाठ सोडत नाही.

४/
लहान मुलांच्या शिक्षणात बोस्टन अग्रेसर होते, हेही खरे. एलिझाबेथ पीबॉडी यांनी १८६० साली येथेच अमेरिकेतील पहिले इंग्रजी माध्यमाचे बालोद्यान सुरू केले. १८७७पासून पॉलीन अगासी शॉ यांनी स्वतःच्या पैशाने गरीब वस्त्यांत बालोद्याने चालवली. १८८८मध्ये शहराच्या शाळा समितीने ती आपल्याकडे घेतली. दानधर्मातून चाललेली गोष्ट सार्वजनिक व्यवस्थेचा भाग झाली. परंतु पाचव्या वर्षाच्या आतील प्रत्येक मुलाला जागा, असा हक्क त्यातून निर्माण झाला नाही.

५/
कायद्याने वर्णभेद संपला तरी वस्त्या वेगळ्याच राहिल्या आणि वस्त्यांप्रमाणे शाळाही. २१ जून १९७४ रोजी न्यायाधीश आर्थर गॅरिटी यांनी निर्णय दिला की बोस्टनच्या शाळा समितीने जाणूनबुजून शाळा विभक्त ठेवल्या आहेत. उपाय म्हणून मुलांना बसने एका भागातून दुसऱ्या भागातील शाळांत नेण्याचा आदेश निघाला. त्या सप्टेंबरात दक्षिण बोस्टनमध्ये कृष्णवर्णीय मुलांच्या बसवर दगडफेक झाली. पुढील वर्षांत असंख्य श्वेतवर्णीय कुटुंबांनी शहराच्या शाळा सोडल्या.

६/
या संघर्षातून १९८९ साली एक तडजोड पुढे आली. शहराचे तीन विभाग करण्यात आले. पालकांनी आपल्या विभागातील शाळा पसंतीक्रमाने लिहायच्या आणि शहराने वर्णसमतोल राखत त्या वाटायच्या, असे ठरले. १९९९मध्ये वर्णाचा निकष काढून टाकण्याचा निर्णय झाला. मग उरले तीन आधार : त्याच शाळेत भावंड आहे काय, घर चालण्याच्या अंतरात आहे काय, आणि दोन मुलांचा हक्क सारखाच असेल तर सोडतीत आलेला क्रमांक. शिशुवर्गापासून पुढच्या प्रवेश-इयत्तांपर्यंत हीच पद्धत लागू झाली.

७/
पद्धत वरकरणी निर्मळ होती. पहिल्या फेरीत प्रत्येक शाळा फक्त अशाच मुलांचा विचार करी, ज्यांनी तिला पहिली पसंती दिली आहे. प्राधान्य आणि सोडत क्रमांक पाहून जागा दिल्या जात, आणि दिलेली जागा कायमची. उरलेल्या जागांसाठी दुसऱ्या फेरीत दुसरी पसंती, मग तिसरी. जास्तीत जास्त मुलांना पहिली पसंती मिळावी, असा हेतू होता. निकालाच्या आकड्यांत तसे दिसतही असे.

८/
दोष पाहण्यासाठी एक उदाहरण पुरेसे आहे. एखाद्या आईने खरोखर आवडलेली नामांकित शाळा पहिली लिहिली आणि घराशेजारची बरी शाळा दुसरी. पहिल्या शाळेत तिचा क्रमांक लागला नाही. दुसऱ्या फेरीत पाहावे तर शेजारची शाळा पहिल्याच फेरीत भरून गेलेली. चालण्याच्या अंतरातील घर म्हणून त्या शाळेत तिचा हक्क इतरांहून मोठा होता, पण ती शाळा पहिली न लिहिल्यामुळे तो हक्क वाया गेला. खरी आवड लिहिणाऱ्यालाच दंड बसत होता.

९/
ही गोष्ट काही पालकांनी ओळखली होती. शहराच्या पश्चिम विभागातील पालकांचा एक गट प्रवेशाच्या आधी नियमित बैठका घेई. कोणत्या शाळेला किती मागणी आहे याची माहिती गोळा होई आणि सल्ला दिला जाई : पहिली पसंती जपून वापरा, आवडणारी पण फारशी गर्दी नसलेली शाळा पहिली लिहा, किंवा धाडस करायचेच असेल तर दुसरी तरी सुरक्षित ठेवा. यात बेकायदा काही नव्हते. परंतु अशा बैठकांना जाण्यास वेळ लागतो, भाषा लागते, ओळखी लागतात. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या किंवा नुकत्याच देशात आलेल्या पालकाच्या हाती फक्त अर्ज होता, आणि पसंतीच्या शाळा क्रमाने लिहिण्यावर त्याचा विश्वास होता.

१०/
या कोंडीचे उत्तर बरेच आधी, अगदी वेगळ्या कारणाने सापडलेले होते. १९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी महाविद्यालयीन प्रवेश आणि विवाह जुळवणी यांवर एक छोटा शोधनिबंध लिहिला. त्यांची युक्ती साधी होती : कोणतीही जागा पहिल्या फेरीत पक्की करायची नाही. शाळेने ती तात्पुरती राखून ठेवायची. पुढच्या फेरीत अधिक प्राधान्याचे मूल आले तर आधीच्याने त्याला जागा द्यायची आणि आपल्या पुढच्या पसंतीकडे जायचे. कोणीही हलेनासे झाले की सर्व जागा एकदम पक्क्या करायच्या.

११/
या पद्धतीत दुसऱ्या क्रमांकावर लिहिलेल्या शाळेतील हक्क बुडत नाही. शाळा मुलाचे प्राधान्य पाहते. आपण त्याच्या यादीत कितव्या आहोत, हे पाहत नाही. म्हणून पालकाला खोटा क्रम लिहून काहीच लाभ होत नाही, हे १९८०च्या दशकाच्या आरंभी गणिताने सिद्ध झाले. खरी आवड लिहिणे हाच सर्वांत शहाणपणाचा मार्ग ठरतो, मग पालक गणिताचा प्राध्यापक असो वा शाळेची पायरी प्रथमच चढणारा.

१२/
२००३ साली आतिला अब्दुलकादिरोग्लू आणि तायफून सोन्मेझ या तुर्की अर्थतज्ज्ञांनी बोस्टनच्या पद्धतीतील दोष एका शोधनिबंधात दाखवले. 'बोस्टन ग्लोब'ने त्याची बातमी केली आणि शाळा प्रशासनाने त्यांना चर्चेस बोलावले. ॲल्विन रॉथ आणि त्यांचा तरुण विद्यार्थी पराग पाठक हेही त्यात सहभागी झाले. (नाव मराठी वाटते, पण पाठक यांचे आईवडील नेपाळमधून अमेरिकेत गेलेले.) जुन्या अर्जांची छाननी झाली. लोकप्रिय शाळाच ओळीने लिहून काहीही पदरात न पडलेली मुले त्या नोंदींत स्पष्ट दिसत होती.

१३/
जुलै २००५मध्ये शाळा समितीने जुनी पद्धत रद्द करून गेल-शॅप्ली यांच्या विचारावर आधारलेली पद्धत स्वीकारली. तिच्या बाजूने प्रशासनाने मांडलेला मुख्य मुद्दा कार्यक्षमतेचा नव्हता. डावपेच न जाणणाऱ्या पालकांचे नुकसान टळेल आणि सर्वजण एका पातळीवर येतील, असा तो मुद्दा होता. पुढे २०१२ साली रॉथ आणि शॅप्ली यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. गेल यांचे २००८मध्ये निधन झाले होते.

१४/
अंतराचा प्रश्न मात्र बाकीच होता. निम्म्या जागांवर चालत येऊ शकणाऱ्या मुलांना प्राधान्य, असा नियम होता. प्राथमिक शाळांसाठी ही मर्यादा एक मैलाची. शेजारच्या शाळेचे समर्थक हे प्रमाण अपुरे मानत, विरोधक अन्यायकारक. २०१३ साली संशोधकांनी दाखवले की नियम जवळजवळ निष्प्रभ होता. राखीव निम्म्या जागा आधी भरल्या जात, त्यात चांगले सोडत क्रमांक असलेली जवळची मुले संपून जात, आणि उरलेल्या निम्म्या जागांच्या स्पर्धेत जवळच्या मुलांचे क्रमांक मागचेच राहत. एवढ्या वादाचा विषय झालेला नियम केवळ जागा भरण्याच्या क्रमामुळे नावापुरता उरला होता. त्याच वर्षी तो काढून टाकण्यात आला. जुने तीन विभागही गेले आणि प्रत्येक घरासाठी शाळांची स्वतंत्र यादी तयार होऊ लागली.

१५/
सोडत कितीही नेटकी झाली तरी ती जागा वाढवत नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीस चार वर्षांच्या मुलांसाठी जागा थोड्या आणि अर्ज फार होते. २००५मध्ये महापौर टॉमस मेनिनो यांनी या वयाच्या सर्व मुलांसाठी शिशुवर्ग उपलब्ध करण्याचा संकल्प जाहीर केला, तेव्हा कोठे विस्तारास वेग आला. त्याआधी सोडतीत हरलेली मुले बाहेरच राहिली. त्यांचे पुढे काय झाले?

१६/
याचे उत्तर देणे शक्य झाले ते सोडतीच्या नोंदींमुळेच. १९९७ ते २००३ या काळात अर्ज केलेल्या चार हजारांहून अधिक मुलांचा माग गथरी ग्रे-लोब, पराग पाठक आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स यांनी घेतला. हक्क सारखाच, फरक फक्त क्रमांकाचा. म्हणून तुलना विश्वसनीय. शिशुवर्गात गेलेल्यांचे शालान्त उत्तीर्ण होण्याचे प्रमाण सुमारे ६ टक्के-बिंदूंनी अधिक आढळले आणि वेळेवर महाविद्यालयात जाण्याचे सुमारे ८ टक्के-बिंदूंनी. किशोरवयात कोठडीत जाण्याचे प्रमाण कमी होते. गंमत म्हणजे शालेय चाचण्यांच्या गुणांत मात्र ठळक फरक दिसला नाही. लाभ परीक्षेत न दिसता आयुष्यात दिसला. आणि तोटाही तसाच, कोणाच्या नजरेस न येता, हरलेल्यांच्या वाट्याला आला.

१७/
महाराष्ट्रातील पालकांना हे चित्र परके नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांसाठी येथेही ऑनलाइन सोडत निघते, येथेही घरापासूनचे अंतर निर्णायक असते. फेब्रुवारी २०२४मध्ये राज्य सरकारने नियम बदलला : सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातील विनाअनुदानित खासगी शाळांना या जागांतून सूट. सोडतीच्या यंत्रणेला हात न लावता असंख्य शाळा सोडतीबाहेर गेल्या असत्या. जुलै २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल रद्द केला.

१८/
साराच्या काळी सोडत नव्हती; समितीचा शब्द अंतिम होता. आज संगणक कोणाचा वर्ण पाहत नाही, वशिला ऐकत नाही. ही प्रगती लहान नाही. पण चिठ्ठी निघण्यापूर्वीच पुष्कळ काही ठरलेले असते : अंतर कसे मोजायचे, कोणत्या जागा आधी भरायच्या, पसंतीचा अर्थ काय लावायचा, आणि मुळात जागा किती ठेवायच्या. बोस्टनमध्ये यातील प्रत्येक नियम कोणीतरी केला होता, कोणीतरी तपासला आणि मग तो बदलला गेला. पहिली तपासणी मागणारा होता एक मुद्रक. त्याच्या मुलीच्या घरापासून शाळा ९०० फुटांवर होती.

(समाप्त)