पडणाऱ्यांचे चित्रकार

विमानातून झेपावणाऱ्याचे चित्रण करायचे, तर चित्रकारालाही त्याच्यासमवेत पडावे लागते. जमिनीवरून ते साधत नाही. अमेरिकेतील कार्ल बोनिश या अभियंत्याने नोकरी सोडून हाच ध्यास घेतला. १९६९ च्या ‘द जिप्सी मॉथ्स’ या चित्रपटातील हवाई चित्रणात त्याचा वाटा होता. १९८४ मध्ये नॉर्वेतील एका कड्यावरून उडी घेताना तो गेला.

त्याच सुमारास ‘टँडेम’ उडी रूढ होऊ लागली. हीत नवखा शिक्षकाच्या छातीशी बांधलेला असतो. दोघांच्या वजनाने वेग फार वाढू नये म्हणून मागे एक लहान छत्री सोडतात. मग तो एकट्या माणसाइतका, ताशी सुमारे १९० किलोमीटर राहतो. म्हणूनच डोक्यावर कॅमेरा बांधलेला तिसरा त्यांच्यासमोर टिकू शकतो. नवख्याचा भेदरलेला आणि क्षणात उजळलेला चेहरा एरवी कोणी पाहिला असता?

परंतु या कामात सारे लक्ष दुसऱ्यावर खिळते. २ एप्रिल १९८८ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील लुईसबर्ग येथे आठशेहून अधिक उड्यांचा अनुभव असलेला एक चित्रकार शिक्षक-विद्यार्थ्याचे चित्रण करण्यासाठी सुमारे साडेदहा हजार फुटांवरून झेपावला. छत्री घ्यायलाच तो विसरला होता. पाठीवर व्हिडिओ यंत्राचे ओझे होते. त्यालाच तो छत्री समजला असावा, असा तर्क पुढे निघाला. चित्रफीत वाचली. तीत इतरांच्या छत्र्या उघडताना दिसतात.