भाव विचारून मग होडी वळवली

माल तयार करणं कष्टाचं, पण घेणारा कुठे आहे हे कळणं त्याहून अवघड. विकणाऱ्याची ही अडचण मोबाइलने कशी सोडवली, याची केरळच्या किनाऱ्यावरची हकिकत आज सांगते.

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांना फोन केला. तेव्हा आलेल्या कॉललाही पैसे पडायचे. तरीसुद्धा १९९७पासून उत्तर केरळात सेवा सुरू झाली, तशी तारली पकडणाऱ्या मच्छीमारांनी फोन घेतले.

त्याआधी काय व्हायचं? पहाटे किनाऱ्यावर मासळीचा बाजार भरायचा. होडी जिथे लागली तिथला भाव मुकाट्याने घ्यायचा. दुसरीकडे जावं तर इंधन जळणार, पोहोचेपर्यंत बाजार उठणार, आणि तारली काही टिकत नाही. १४ जानेवारी १९९७ला वडकरा इथे ११ मच्छीमारांना गिऱ्हाईकच मिळालं नाही. मासळी वाया गेली. त्याच वेळी १५ किलोमीटरच्या आत २७ व्यापारी मासळी न मिळाल्याने रिकाम्या हाताने परत निघाले होते!

टॉवर किनाऱ्याजवळ, त्यामुळे रेंज समुद्रातही वीसेक किलोमीटर मिळायची. मच्छीमार होडीतूनच चार बाजारांना फोन करू लागले. सौदा ठरवायचा, मगच होडी वळवायची. रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञांनी याचा अभ्यास २००७मध्ये प्रसिद्ध केला. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला, मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त झाली. दोघांचाही फायदा कसा? फेकली जाणारी मासळी विकली जाऊ लागली, म्हणून.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. फोन विकणाऱ्याच्या स्वतःच्या हातात होता. आपल्या गटात पापड लाटतो आपण आणि पाकिटावर नंबर असतो नवऱ्याचा नाही तर मुलाचा. मग गिऱ्हाईक भाव त्यांच्याशी ठरवतं, पुढची ऑर्डर त्यांना सांगतं, फोनवरून येणारे पैसेही त्यांच्याच खात्यात जातात. आपल्याकडे उरतं फक्त लाटणं. आपल्या मालाला बाजारात काय भाव आहे, हेही आपल्याला दुसऱ्याकडून कळतं.

तेव्हा पुढच्या बैठकीला येताना आपापलं पाकीट घेऊन या. त्यावरचा नंबर कोणाचा आहे, ते सगळ्याजणी मिळून वाचू.