उघाडीचं गणित आणि जोळाचा इतिहास

पावसाचं पाणी थोडा वेळ अडवायचं आणि हळूहळू सोडायचं, यासाठी आज शहरांत साठवण तलाव बांधतात. त्यातून पाणी किती वेगाने बाहेर पडेल, याचं गणित मांडणं हा माझा अभ्यासविषय. पण पेण-रोह्याच्या खारेपाटात हेच काम शेतं करत आली आहेत, हे तुम्हाला माहीत आहे का?

धरमतर आणि रेवदंड्याच्या खाड्यांलगत बांध घालून लोकांनी भातशेती मिळवली. खारं पाणी रोखणारा बाहेरचा बांध म्हणजे बाहेरकाठा, आणि त्यातली दारं म्हणजे उघाडी. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने झडप उघडते, भरतीला खाडीच्या दाबाने मिटते. झडप मिटलेली असताना पाऊस कोसळला, की बांधामागची शेतंच तलाव होतात.

पाठ्यपुस्तकातल्या तलावाचा निचरा सहसा आतल्या पातळीवर ठरतो. इथे आत-बाहेरच्या पातळीतला फरक बघावा लागतो, आणि तो सतत बदलतो. भरती साधारण दर १२ तास २५ मिनिटांनी येते. दार बुडालेलं असेल तर प्रवाह या फरकाच्या वर्गमुळाप्रमाणे चालतो: फरक चौथाईवर आला, तर प्रवाह निम्मा. भांगाच्या दिवसांत ओहोटी फारशी खाली जात नाही, म्हणून निचराही रेंगाळतो.

सूत्रात दाराचं क्षेत्रफळ मात्र आपण कायम धरतो. खरी गोम इथे आहे. गाळ साचला, झडप कुजली, की ते बदलतं. मग प्रश्न येतो: उघाडी राखायची कोणी?

जुन्या कुलाबा जिल्ह्यात शिलोत्री पद्धत होती. शिलोत्रदार कुळांकडून भाताचा वाटा घेई आणि बाहेरचा बांध राखी. काही गावांत जोळ होता, म्हणजे सगळ्यांनी मिळून अंगमेहनतीने बांध दुरुस्त करायचा. पुढे १९४८ चा मुंबई खारजमीन कायदा आणि १९७९ चा महाराष्ट्र खारभूमी विकास कायदा आला. योजनेतले बांध सरकारी खात्याकडे गेले, आणि दुरुस्ती निधी-निविदेच्या वेळापत्रकात अडकली. भरती मात्र तिच्याच वेळेला येते. बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात शिरतं, आणि मीठ उतरेपर्यंत पुढचे हंगामही हातचे जातात.

म्हणून खारेपाटाचं गणित मांडताना पावसाच्या आणि भरतीच्या आकड्यांशेजारी आणखी एक नोंद हवी: यंदा पावसाआधी उघाडी साफ झाली का, आणि कोणी केली?