कोल्हापूर शहराची हद्दवाढ

करवीर आणि हातकणंगले तालुक्यांतील लगतची गावे कोल्हापूर महानगरपालिकेत घेण्याचा रखडलेला प्रश्न. कोल्हापुरात नगरपालिका १८५४ मध्ये आली आणि १५ डिसेंबर १९७२ रोजी तिची महानगरपालिका झाली. दर्जा बदलला, हद्द बदलली नाही. ६६.८२ चौ. किमी. क्षेत्रात पुढची पाच दशके एकाही गावाची भर पडली नाही. २०११ च्या जनगणनेत या हद्दीत ५,४९,२३६ लोक होते.

शहर मात्र वाढतच राहिले, ते हद्दीबाहेर. उत्तरेला आणि पश्चिमेला पंचगंगा नदी व तिची पूररेषा आडवी येते. त्यामुळे नवी घरे दक्षिणेला पाचगाव, मोरेवाडी, कळंबा या बाजूला आणि पूर्वेला उचगाव, सरनोबतवाडीकडे सरकली. विमानतळ उजळाईवाडीला, कारखाने शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत. घाऊक कापडबाजार गांधीनगरात आहे. दुसऱ्या महायुद्धात वळिवड्याच्या ज्या छावणीत पोलिश निर्वासित राहिले, तिथेच फाळणीनंतर सिंधी कुटुंबे आली आणि ही बाजारपेठ उभी राहिली. तिला खेडे म्हणणे आता कागदापुरतेच उरले आहे.

कायद्याने हद्दवाढीचा अधिकार राज्य शासनाचा आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार महानगरपालिकेचे मत घेऊन शासन अधिसूचना काढते, हरकती मागवते आणि निर्णय देते. ग्रामपंचायतीचा नकार शासनावर बंधनकारक नाही, पण आमदारांना त्याच गावांत मते मागायची असतात. प्रश्न अडतो तो इथेच. प्रस्तावांतील गावांची संख्याही घटत गेली : २०१४ नंतरच्या प्रस्तावात १८ गावे व दोन औद्योगिक वसाहती होत्या, २०२५ मध्ये चर्चा आठ गावांवर आली.

हद्दवाढीची मागणी करणाऱ्या हद्दवाढ कृती समितीचे म्हणणे असे, की महानगरपालिकेची केएमटी बस, बाजार, दवाखाने यांचा भार शहर उचलते आणि घरफाळा गावात भरला जातो; लोकसंख्येवर ठरणाऱ्या निधीतही शहर मागे राहते. गावांचा युक्तिवाद तितकाच जुना आहे. घरफाळा वाढेल, शेतजमिनींवर विकास आराखड्यातील आरक्षणे पडतील, ग्रामसभा आणि सरपंच जातील, पंचायत समिती व जिल्हा परिषदेतले प्रतिनिधित्व संपेल. शिवाय ज्या शहराला काळम्मावाडी धरणाच्या थेट पाईपलाईनचे पाणी मिळायला २०२३ उजाडले, ते आम्हाला काय पुरवणार, हा सवाल असतोच. नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपून महानगरपालिकेवर कित्येक वर्षे प्रशासक राहिला, तेव्हा गावकऱ्यांच्या हाती आणखी एक मुद्दा आला. दोन्ही बाजूंनी मोर्चे आणि बंद झाले आहेत.

२०१७ मध्ये शासनाने मधला मार्ग म्हणून ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन केले. नियोजन आणि बांधकाम परवानगी प्राधिकरणाकडे, रोजच्या सोयी ग्रामपंचायतीकडे, अशी ही विभागणी. परवानगीसाठी नवे कार्यालय झाले. पाणी, गटार, कचरा यांची जबाबदारी होती तिथेच राहिली. तडजोड म्हणून ती दुबळी ठरली आणि हद्दवाढीची मागणीही तिने शमली नाही.

स्थानिक संस्थांची विलीनीकरणे इतरत्रही झाली आहेत. इंग्लंडमध्ये नॉर्थ यॉर्कशरने २०२३ मध्ये परगणा परिषद आणि सात जिल्हा परिषदा मिळून एकच संस्था केली. डेन्मार्कने २००७ मध्ये २७१ नगरपालिकांच्या ९८ केल्या. त्या सुधारणांत पूर्ण प्रदेशाची फेरमांडणी होती. कोल्हापुरात एक शहर काही गावे मागते आहे, म्हणून इथला संशय वेगळा. जवळचे विलीनीकरण सांगली, मिरज आणि कुपवाडचे : १९९८ मध्ये तिथे एकच महानगरपालिका झाली. विरोधक मात्र पुण्याकडे बोट दाखवतात. तिथे २०१७ मध्ये महानगरपालिकेत घेतलेली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे कराच्या बोज्यावरून असंतोष वाढल्यावर पुन्हा बाहेर काढावी लागली आणि २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली.