कुरणशाळेपासून पाष्टेपाड्यापर्यंत

शाळेची इमारत आहे, शिक्षक आहेत, हजेरीपटावर नावेही आहेत. वर्गात मात्र मुले नाहीत. जुन्या ठाणे जिल्ह्याच्या प्राथमिक शिक्षणाचा इतिहास बराचसा या एका कोड्याभोवती फिरतो. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरील आजच्या शाळा समजून घ्यायच्या, तर आरंभ करावा लागतो जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, समुद्रकाठच्या बोर्डी गावी. (पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. तोवर डहाणू आणि शहापूर एकाच जिल्ह्यात होते.)

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाईंना माँटेसोरी पद्धती उत्तम अवगत होती. पण तिची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. बालवयातच वैधव्य आलेल्या आणि पुढे जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई वाघ याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या.

बालवाडी सुरू झाली, तरी गरीब वस्तीतील मुले येईनात. ‘पालकांनाच शिक्षणाची किंमत नाही’ असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. आजही ते वाक्य पुष्कळ ऐकू येते. ताराबाईंनी उलट केले. बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. मुलांना न्हाऊ घालणे, केस विंचरणे, गाणी, गोष्टी, खेळ असे सारे त्यांच्याच दारात होऊ लागले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिच्यामुळे देशभर पोहोचलेल्या ‘अंगणवाडी’ या शब्दाचे मूळ या अंगणात सांगितले जाते.

याहून धीट प्रयोग पुढचा. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत हलले. तेथे आठ-दहा वर्षांचा मुलगा हा विद्यार्थी असण्याआधी गुराखी होता. सकाळी गुरे सोडायची, संध्याकाळी परत आणायची. शाळेची वेळ नेमकी हीच! त्याला वर्गात ओढावे, तर घरचे काम अडते; सोडून द्यावे, तर पिढी निरक्षर राहते. यावर निघालेला तोडगा म्हणजे कुरणशाळा. गुरे चरत असत तेथेच शिक्षक जाई. गुरांवर नजर ठेवून अक्षरे गिरवता येत, खडे मांडून बेरीज करता येई. मुलींची अडचण निराळी होती: कडेवर धाकटे भावंड. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली गेली. धाकटे पाळणाघरात विसावले की थोरली वर्गात बसू शके. या रचनेला ‘विकासवाडी’ असे नाव मिळाले.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. गौरव झाला खरा. परंतु सरकारी प्राथमिक शाळेने कोसबाडचा मूळ धडा घेतला, असे म्हणणे कठीण आहे. घंटा, वेळापत्रक आणि क्रमिक पुस्तक सर्वत्र एकच राहिले.

शहापूर आणि मुरबाडमध्ये याची किंमत विशेष जाणवली. तानसा, भातसा यांसारखे मुंबईला पाणी पुरवणारे जलाशय ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. शेती बहुतांशी पावसाची. सुगी संपली की कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे जूनमध्ये शाळेत आलेले मूल दिवाळीनंतर नाहीसे होते आणि पुढच्या जूनला मागचे सारे विसरून त्याच बाकावर बसते. १९९०च्या दशकात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराची झोपडी. कुरणशाळेचेच हे दुसरे रूप म्हणावे लागेल.

दुसरी अडचण भाषेची. घरी ठाकरी किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातील प्रमाण मराठी जवळजवळ नवी असते. ते गप्प बसते आणि त्याची गणना ‘अप्रगत’ मुलांत होते.

२२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला तेव्हा हा शिक्का पुसण्याचा उद्देश जाहीरपणे मांडला गेला. मूल कोठे अडले आहे हे पायाभूत चाचणीतून पाहायचे आणि तेथून पुढे न्यायचे. आदर्श होता सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटचा. जमिनीवर आखलेले तक्ते, काड्या, मणी, खडे यांतून मुले स्वतः शिकत होती आणि ते पाहायला राज्यभरातून शिक्षक येत होते. नाव ‘ज्ञानरचनावाद’ असे भारदस्त. साहित्य मात्र बोर्डीच्या ओळखीचे.

त्याच सुमारास शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा हे नाव गाजू लागले. जिल्हा परिषदेच्या या छोट्या शाळेत संदीप गुंड या शिक्षकाने गावकऱ्यांच्या मदतीने टॅब्लेट आणि प्रोजेक्टर आणले, विजेच्या अडचणीवर सौरऊर्जेचा उपाय शोधला. डिजिटल शाळेचा हा नमुना पुढे अनेक गावांनी उचलला. छायाचित्रे अर्थात टॅब्लेटचीच निघाली. अनुकरण करणाऱ्या शाळांपैकी जिने केवळ यंत्र विकत घेतले, तिला त्याचा फारसा उपयोग होणे नव्हते. पाष्टेपाड्याचे खरे भांडवल होते ते शाळेसाठी वर्गणी काढणारे गाव.

मुरबाड तालुक्यातील फांगणे गावात हे नाते आणखी एक पाऊल पुढे गेले. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी तेथे आजीबाईंची शाळा भरली. साठी ओलांडलेल्या स्त्रिया गुलाबी नऊवारी नेसून, पाटी घेऊन येऊ लागल्या. अंगठ्याऐवजी स्वतःची सही करता यावी, ही त्यांची इच्छा. घरी त्यांचा अभ्यास घेण्याचे काम नातवंडांकडे आले.